विनोदवीर राजकारणावर बोलायला लागला की ‘मी तर फक्त विनोद केला’ म्हणता येतं का?

गावभागकर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न घरातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा भाचा सत्तावीस वर्षांचा आहे. दिवसा मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब बघतो आणि गेली तीन वर्षं स्टँडअप करतो. सांगलीच्या विश्रामबागेत एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर चाळीस खुर्च्या, एक माइक आणि मागं काळा पडदा, एवढंच रंगमंदिर. सुरुवातीला विषय साधे असायचे. हळदीचे सौदे, लग्नातल्या पंगती, आईचे सकाळचे व्हॉट्सअॅप संदेश. पोरगा हसवायचा, मनापासून हसवायचा. गेल्या वर्षभरात गाडी राजकारणाकडे वळली. आता दर रविवारी त्याच्या चॅनलवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ येतो. त्यात विनोद चार-पाच, बाकी सगळं भाष्य.

गेल्या महिन्यात मी त्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्यानं सांगलीच्या पुराचा आणि नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय काढला. म्हणाला, “अलमट्टीचा दरवाजा उघडला नाही, म्हणून कृष्णामाई आमच्या दरवाजातनं आत आली.” काय टाळ्या पडल्या! समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात २०१९ ला पाणी होतं. माझ्याही होतं. मीही टाळी वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ त्याच्याजवळ आले. “बाळा, पुरावरच्या वडनेरे समितीनं अलमट्टीबद्दल काय म्हटलंय ते वाचलंयस का?” असं अगदी शांतपणे विचारलं. भाचा म्हणाला, “काका, मी विनोद केला. मी काय इंजिनियर आहे का?” गृहस्थांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले.

मला ते लागलं. कारण याच पोरानं दहाच मिनिटांपूर्वी याच लोकांना सांगितलं होतं, “हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, मी सांगतो.” ही दोन वाक्यं एका तोंडात कशी राहतील?

अमेरिकेतला जॉन स्ट्युअर्ट मी बरीच वर्षं बघतो आहे. १९८७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांमधून स्टँडअपला सुरुवात. जानेवारी १९९९ मध्ये ‘द डेली शो’ त्याच्या हातात आला आणि तो ऑगस्ट २०१५ पर्यंत त्यानं चालवला. बातम्यांची नक्कल करणारा कार्यक्रम, पण बघता बघता तरुण पोरं खऱ्या बातम्याही त्याच्याकडूनच ऐकायला लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये तो सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ या वादाच्या कार्यक्रमात गेला आणि विनोद बाजूला ठेवून यजमानांना तोंडावर म्हणाला की तुम्ही चर्चा करत नाही, तमाशा करता आणि त्यानं देशाचं नुकसान होतंय. तीनच महिन्यांत सीएनएननं तो कार्यक्रम बंद करायचं ठरवलं.

त्या दिवशी यजमानानं त्याला उलटा सवाल केला होता. तू तरी अध्यक्षपदाच्या उमेदवाराला कुठं अवघड प्रश्न विचारलेस? त्यावर स्ट्युअर्टचं म्हणणं असं की माझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्या फोनवरून लोकांची थट्टा करतात, माझ्याकडून कसली अपेक्षा करता! तेव्हा मी खळखळून हसलो होतो. भाच्याचं “मी काय इंजिनियर आहे का” ऐकल्यावर मात्र मला तेच उत्तर आठवलं आणि पहिल्यांदाच ते खटकलं.

तुम्हाला काय वाटतं? विनोदवीरानं या वाटेला जावं का? आणि गेला तर त्याला काय विचारायचा आपल्याला हक्क आहे?

---

वाळवेकर

जावंच. विचारायचं काय त्यात?

आमच्या वाळवे तालुक्याच्या मातीत हे आहे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, जन्म १९२०. अण्णा भाऊंनी तमाशाचा बाज घेतला, लोकनाट्यं लिहिली. १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणी कामगारांपुढं लोकांना हसवत हसवत मालकाचा आणि सरकारचा हिशेब मांडला. कुणी त्यांना म्हणालं का, की आधी अर्थशास्त्राची पदवी आणा? गरिबाच्या पोराला राजकारणावर बोलायचं तर विनोद हेच हत्यार परवडतं. भाच्याला म्हणावं, बोल बिनधास्त.

---

गावभागकर

वाळवेकर, बरोबर. पण अण्णा भाऊ कधी “मी तर फक्त गंमत केली” म्हणून मागं सरले नाहीत. ते कामगारांच्या बाजूचे होते आणि तसं छातीठोक सांगायचे. माझी अडचण बोलण्याबद्दल नाही, बोलून झाल्यावर पाय मागं घेण्याबद्दल आहे.

---

कवलापूरकर

धागा वाचून राहवलं नाही. आमचं गाव काळू-बाळूंचं. या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ हा वग अख्ख्या महाराष्ट्रात गाजला. त्यातले ते दोन हवालदार ज्यांनी बघितलेत, त्यांना सांगायला नको. मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बघितलाय. कनातीच्या आत घोंगड्या अंथरलेल्या, पेट्रोमॅक्सचा सूं आवाज आणि पुढच्या रांगेत फेटा बांधलेले गावचे पुढारी. हवालदारांचं सोंग स्टेजवर आलं की आधी सगळ्यांच्या नजरा त्या पुढच्या रांगेकडं जायच्या. ते हसले की मग मागनं नुसता कल्ला. मोठ्या माणसानं सगळ्यांदेखत स्वतःवर हसून घ्यायचं, हा त्या रात्रीचा अलिखित नियमच होता.

वडील सांगायचे, बतावणीत, म्हणजे वगाआधीच्या विनोदी संवादात, सोंगाड्या जे बोलायचा त्यातलं निम्मं कागदावर नसायचंच. फड गावात सकाळी उतरायचा. चहाच्या टपरीवर, पारावर बसून पोरं गावातलं काढून घ्यायची. कुणाची विहीर कुणी बळकावली, सोसायटीत काय शिजतंय. रात्री ते बतावणीत यायचं, नाव न घेता. ज्याचं होतं त्याला बरोबर कळायचं.

आता गावभागकरांच्या प्रश्नाकडं येतो. सोंगाड्याला मोकळीक होती, पण त्याची एक अट होती. फड सकाळी गाव सोडून जायचा. बोललेलं तिथंच, त्या रात्रीत राहायचं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी उरायचं तेवढंच. तुमच्या भाच्याची क्लिप कुठंच जात नाही. ती उद्या जतला बघतील, परवा दुबईत बघतील, आणि बघणाऱ्याला त्या खोलीतला हशा ऐकू येईल पण ती खोली दिसणार नाही. सोंगाड्याची मोकळीक घ्यायची आणि वर्तमानपत्रासारखं टिकायचं, हे दोन्ही एका वेळी मिळत नाही. ज्याचं बोलणं टिकतं त्याला बोलण्याआधी पडताळून बघावंच लागतं.

---

हळदपेठ

+१ कवलापूरकर. फार सुंदर लिहिलंत.

मी स्वतः दोन वर्षं ओपन माइक केलाय, नंतर सोडला. आतली गोष्ट सांगतो. हसू काढणं अवघड आहे. एक चांगला पाच मिनिटांचा सेट घासूनपुसून तयार व्हायला सहा महिने जातात आणि क्लिप टाकली की तो सेट संपला, परत तेच ऐकायला कोण येणार? राजकारणाचं तसं नाही. दर आठवड्याला नवा माल आपोआप येतो. म्हणून बरेच जण तिकडं वळतात. सगळे काही तळमळीनं वळत नाहीत.

आणि दुसरं, टाळी आणि हशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हशा न ठरवता फुटतो. माणूस गाफील असताना येतो. टाळी माणूस ठरवून वाजवतो, “माझ्या मनातलं बोललास” म्हणून. स्टेजवर उभं राहिलं की फरक कानाला लगेच कळतो. एकदा टाळीची चटक लागली की पोरगा लोकांच्या मनातलंच त्यांना परत ऐकवायला लागतो. अलमट्टीवर टाळी पडली म्हणताय, हशा नाही. तिथंच सगळं आलं.

---

पाटबंधारे_निवृत्त

तो जिना उतरून गेलेला गृहस्थ मी नव्हे, पण त्याचा प्रश्न माझाही आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो.

२०१९ च्या पुरानंतर शासनानं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधारा जबाबदार नाहीत, असा तिचा निष्कर्ष. अतिवृष्टी आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांवर तिचं बोट आहे. सांगलीतल्या नागरी संघटनांना हा निष्कर्ष मान्य नाही. फुगवट्याचा, म्हणजे धरणाचं पाणी मागं तुंबण्याचा, मुद्दा ते अजून मांडतात आणि त्यांच्याकडेही आकडे आहेत. अलमट्टीची पाणीसाठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे, कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये ती ५२४.२५६ पर्यंत न्यायला मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. म्हणजे विषय मिटलेला नाही. भाच्यानं अलमट्टीला दोष दिला हा गुन्हा नाही. दुसरी बाजू आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं, ही अडचण.

आता नदी बघा. वरून कोयनेचं पाणी येतं. हरिपूरला वारणा मिळते. खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. तिन्ही नद्या एकदम दुथडी भरल्या की सांगलीचं पाणी पुढं सरकतच नाही, तुंबतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. आणि पूररेषेच्या नकाशातल्या निळ्या रेषेच्या आत, जिथं बांधकामच नको, तिथं आपण काय काय बांधून ठेवलंय ते शहरात एक चक्कर मारली तरी दिसतं.

यात विनोद नाही असं कोण म्हणतो? निळ्या रेषेत बंगला बांधून, पाणी आल्यावर कर्नाटकाला शिव्या घालणाऱ्या माणसावर मी पोटभर हसेन. पण त्या विनोदावर समोरच्या रांगेतून टाळी येणार नाही, कारण तो बंगला समोरच्या रांगेतल्याचाच असेल. कवलापूरकर सांगतात तो फेटेवाला हाच.

---

कोर्टकचेरी

कायद्याच्या बाजूनं थोडं. आपल्याकडं या विषयावर बोलायचं तर कुणाल कामराचं नाव टाळून चालणार नाही. तो जाहिरात क्षेत्रातून आला, आधी स्टँडअप केलं, मग २०१७ पासून राजकीय मुलाखती. मला त्याच्या विनोदापेक्षा त्याची एक याचिका जास्त महत्त्वाची वाटते.

एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारनंच नेमलेल्या तथ्यपडताळणी पथकानं ठरवायचं, अशी तरतूद आली. कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेला. मुद्दा साधा होता. उपहास म्हणजे अतिशयोक्ती, ती शब्दशः खरी नसतेच, मग सरकार ती खोटी ठरवणार का? ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसऱ्या न्यायमूर्तींकडं प्रकरण गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

याचा फायदा गावभागकरांच्या भाच्यालाही आहे आणि त्याला उत्तर देणाऱ्या निवृत्त अभियंत्यालाही. म्हणून मी म्हणतो, “मी विनोद केला” हे उत्तर पोलीस आणि सरकार यांच्यापुढं पूर्ण योग्य आहे. तिथं ते ढाल म्हणून हवंच. प्रेक्षकानं प्रश्न विचारल्यावर मात्र तीच ढाल पुढं करू नये. प्रेक्षक अटक करायला आलेला नसतो.

---

साताऱ्याची_सून

कोर्टकचेरींचं शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

माझं सासर महाबळेश्वर तालुक्यातलं. एकनाथ शिंदे साहेबांचं दरे गाव आमच्यापासून लांब नाही. मार्च २०२५ मध्ये कामरानं त्यांच्यावर विडंबन गीत म्हटलं आणि खारच्या ज्या स्टुडिओत कार्यक्रम झाला होता तिथं शिवसैनिकांनी तोडफोड केली, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. सासऱ्यांना फार लागलं होतं. “आमच्या खोऱ्यातला पोरगा रिक्षा चालवून एवढा मोठा झाला, त्याची अशी टवाळी?” असं म्हणत ते जेवायचे थांबले. दीर म्हणाला, टवाळी आवडली नाही तर ऐकू नका, पण खुर्च्या फोडायचा हक्क कुणी दिला?

मी भाकऱ्या थापत दोघांचं ऐकत होते. मला दोघांचंही पटत होतं, आणि अजून पटतं. सासऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. रिक्षावाल्याचा मुख्यमंत्री होणं ही आमच्या डोंगरातल्या माणसांसाठी अभिमानाची गोष्ट आहे. तरी मोडतोड चूकच. पुढं मद्रास उच्च न्यायालयानं कामराला अंतरिम अटकपूर्व जामीन दिला, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही अटकेपासून संरक्षण दिलं. पण ज्यांनी जागा भाड्यानं दिली होती त्यांचा मंच बंद पडला, ते मला जास्त लागलं. बोलणारा नावाजलेला असतो, त्याच्यामागं वकील उभे राहतात. चाळीस खुर्च्यांच्या कॅफेवाल्यामागं कोण उभं राहणार?

गावभागकर, भाच्याला एवढं सांगा. स्टेजवर राजकारण आणायचं ठरवलं असेल तर आधी त्या कॅफेवाल्या दादांना सांगून, विचारून आण.

---

हळदपेठ

ताई, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आमच्या वेळी एका जागेच्या मालकानं असाच एका फोननंतर आमचा कार्यक्रम रद्द केला होता. आम्ही त्यालाच भित्रा म्हणालो. आता वाईट वाटतं.

---

जुना_वाचक

मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण अजून कुणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आचार्य अत्रे. विनोदी नाटककार, हजारोंच्या सभेला हसवून हसवून आडवं करणारा वक्ता. १९५६ मध्ये त्यांनी ‘मराठा’ दैनिक काढलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उडी घेतली. त्यांनी कुणाला सोडलं नाही आणि आपल्या शब्दांपासून पळही काढला नाही. दैनिकावर संपादकाचं नाव असतं, ही त्यांची जबाबदारी होती.

दुसरी वाट पु. ल. देशपांड्यांची. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत ते जाहीर सभांतून बोलले. निकाल लागला, सरकार बदललं, आणि ते व्यासपीठावरून उतरून आपल्या कामाला लागले. पद मागितलं नाही, भाष्यकार म्हणून दुकान मांडलं नाही. मला ही वाट जास्त आवडते. वेळ आली तेव्हा बोलले आणि मग परत लिहायला बसले.

---

गावभागकर

जुना_वाचक, पुलंची आठवण काढलीत, बरं वाटलं. पण मला तिसरीही एक वाट दिसते, आणि त्यासाठीच मी स्ट्युअर्टचं नाव घेतलं होतं. ते अर्धवट राहिलं, आता पूर्ण करतो.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्या ढिगाऱ्यावर काम केलेले अग्निशमन जवान, पोलीस, मजूर यांना धुळीनं फुप्फुसाचे आजार झाले, कर्करोग झाले. त्यांच्या उपचारांचं आणि भरपाईच्या निधीचं विधेयक डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये अडकलं. स्ट्युअर्टनं आपल्या विनोदी कार्यक्रमात अशा चार आजारी माणसांना बोलावून बसवलं आणि त्यांना बोलू दिलं. विधेयक त्याच महिन्यात मंजूर झालं. इथपर्यंत कुणीही केलं असतं, एक भाग गाजला की झालं. पण तो तिथंच थांबला नाही. २०१५ मध्ये मुदतवाढीसाठी त्या लोकांबरोबर वॉशिंग्टनला गेला. तेव्हा त्याचा कार्यक्रमही संपलेला होता. जून २०१९ मध्ये परत, संसदीय समितीपुढं. समोर सदस्यांच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्याच्या शेजारी कर्करोगानं खंगलेला एक माजी पोलीस बसला होता. तो माणूस अठरा दिवसांनी वारला. जुलैत सिनेटनं ९७ विरुद्ध २ मतांनी तो निधी २०९२ पर्यंत चालू ठेवला.

नऊ वर्षं एकच विषय. व्ह्यूजसाठी नाही, टाळ्यांसाठी नाही. बाहुल्यांच्या मागं लपणारा माणूस तो हाच, आणि त्या समितीपुढं कागद हातात घेऊन बसलेलाही हाच. फेब्रुवारी २०२४ पासून तो दर सोमवारी परत त्याच कार्यक्रमात येतो. आता तो काही बोलला की मी ऐकतो, कारण एका विषयाला त्यानं किती वर्षं दिली ते मी पाहिलंय.

भाच्याला मला हेच सांगायचंय. दर रविवारी नवा विषय नको. एक धर. आपल्याकडं पूर आहे. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा घर धुऊन गेलं.

---

वाळवेकर

इतका वेळ तुमच्याशी भांडायच्या तयारीत होतो, पण हे पटलं. पूर धरला तर आमच्या गावातली पोरंपण येतील ऐकायला.

---

मिरजेची_सतार

उशिरा आले, थोडंच लिहिते. माझ्या वडिलांकडं सतारी तयार होतात. भोपळा वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो, घाई केली तर पुढं तडा जातो. दर रविवारचा व्हिडिओ महिन्याला एक केला तर काय बिघडेल? चॅनलवाले म्हणतात आकडे पडतात. पडू देत.

---

गावभागकर

मंडळी, काल रात्री भाचा जेवायला आला होता. हा सगळा धागा त्याला वाचायला दिला. अर्धा तास मान वर केली नाही. मला वाटलं रागावला.

मग म्हणाला, “मामा, ते काका कोण होते माहीत आहे का? मी त्यांच्याशी नीट बोललो नाही.” मला माहीत नव्हतं. कॅफेवाल्यांकडे नंबर असेल तर बघतो म्हणाला. कॅफेवाल्यांशी आणखीही बोलायचंय म्हणाला, ते साताऱ्याची_सून यांच्यामुळं.

जेवण झाल्यावर मी त्याला खाली पायरीपाशी नेलं. चौकटीवर पाण्याच्या तीन खुणा आहेत. आमच्या आईनं २००५ ची खूण कुंकवानं केली होती, ती पुसट झालीय. २०१९ ची मी खिळ्यानं कोरलीय, दाराच्या कडीच्या वर. २०२१ ची तिच्या हातभर खाली. पोरगा या घरात लहानाचा मोठा झाला, पण त्या खुणा त्यानं कधी हात लावून बघितल्या नव्हत्या. त्यानं वीत लावून मोजल्या आणि विचारलं, “आपलं घर निळ्या रेषेत आहे का रे मामा?”

मला सांगता आलं नाही. पाटबंधारे_निवृत्त, तुमच्याकडं पूररेषेचा नकाशा आहे का?

---

पाटबंधारे_निवृत्त

आहे. रविवारी सकाळी दहा वाजता घेऊन येतो. वर आयर्विनच्या पातळीची जुनी नोंदवही पण आणतो, तारखेनिशी. पोराला वही-पेन घेऊन बसायला सांगा, मोबाइल नको. आणि नकाशात घर निळ्या रेषेत निघालं, तर ते त्यानं स्टेजवर सांगायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवू दे, आपण मध्ये पडायचं नाही.

---

कवलापूरकर

मीही येतो. येताना भडंग आणतो.